हसतमुख दुभाष्या

एका जंगलात एक धबधबा होता. दिवसरात्र नुसता धो धो. त्याच्या काठच्या माळावर सशांची वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या तो आवाज ऐकून ऐकून सगळे ससे ठार बहिरे झालेले. कान बघाल तर हातभर, आणि ऐकू येण्याच्या नावाने पूज्य. तुमच्यासारखंच की, पोरांनो. फरक एवढाच, ते खरोखरचे बहिरे होते.

पण त्यांचं काही अडत नव्हतं. पंजाने, कानाने, नाकाने, भुवयांनी बडबड चालायची. त्यातलं निम्मं काम चेहऱ्याचं. पंजाने नुसतं 'कोल्हा' म्हणायचं. तो मेलाय की तुझ्या मागे उभा आहे, ते चेहरा सांगणार.

याच वस्तीत ठमी राहायची. जातीची मुंगूस. आईबाप लहानपणीच गेले, मग गिरजा सशिणीने तिला वाढवली. त्यामुळे ठमी खुणांनीच खायला मागायला शिकली आणि खुणांनीच शिव्या द्यायला.

दरसाल उन्हाळ्यात राजाच्या हुकमाने माळावरचं वाळलं गवत मुद्दाम जाळायचे, म्हणजे पुढे मोठा वणवा लागू नये. दवंडी द्यायची टिटवी. सशांना ती ऐकू यावी कशी? ठमीचे कान शाबूत, पण धबधब्यापुढे तिलाही ऐकू जायची नाही. गेल्या साली गिरजाची दोन पिल्लं त्यात गेली.

आता झालं काय, सिंहमहाराज शेजारच्या जंगलात लग्नाला गेले. तिथला राजा भाषण करत होता आणि बाजूला एक अस्वल हातवारे करत होतं. महाराजांना ते फार शोभिवंत वाटलं. घरी आल्या आल्या म्हणाले, "आपल्याकडे पण असलं एक पाहिजे."

"कशाला, महाराज?" प्रधान कोल्ह्याने विचारलं.

"बहिऱ्यांसाठी. आपल्याकडे बहिरे आहेत ना कुणी?"

"बघतो," कोल्हा म्हणाला.

खुणांची शाळा निघाली. सहा महिन्यांचा कोर्स. गुरुजी कोण, तर मोर. त्याने जन्मात बहिरा ससा पाहिला नव्हता, पण त्याला नाचता येत होतं. हातवारे म्हणजे तरी दुसरं काय, असं सगळ्यांचं मत पडलं. शाळा बांधली पार डोंगरापलीकडे. कारण धबधब्याजवळ गुरुजींचा आवाज कुणाला ऐकू जाईना.

औंदा गवताची वर्दी सशांना आपणच द्यायची, म्हणून ठमीनेही नाव घातलं.

पहिल्याच दिवशी मोरगुरुजी म्हणाले, "पाठ ताठ. पंजे छातीच्या वर जाता कामा नयेत. चेहरा प्रसन्न. राजाशेजारी उभं राहायचंय, तोंड वेडंवाकडं केलेलं चालणार नाही."

"पण गुरुजी, चेहरा हलला नाही तर सशांना निम्मं कळतच नाही," ठमी म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"सशांनी."

"सशांनी कोर्स केलाय का?"



परीक्षेला 'वाघ आला, पळा' एवढंच करून दाखवायचं होतं. ठमीने ते असं करून दाखवलं, की परीक्षक बगळा खुर्चीवरून उठला आणि दाराबाहेर पळाला. परत आल्यावर त्याने शेरा लिहिला, 'तोंड वेडावते. नापास.' मग वर्गातल्या वानराने तेच केलं. सावकाश, गालात हसत, जसा काही पानसुपारी वाटतोय. पहिला नंबर. गळ्यात बिल्ला.

उन्हाळा आला. महाराज माळावरच्या खडकावर चढले. समोर ससे, बाजूला बिल्लेवाला वानर. महाराज म्हणाले, "सूर्य डोक्यावर आला की गवत पेटवणार. सगळ्यांनी पोरंबाळं घेऊन निघा."

वानराने पाठ ताठ केली. पंजे छातीच्या खाली ठेवून दाखवलं: दुपार, माळ, जाळ, पोरंबाळं, सगळे. आणि छान हसला.

ससे खूश झाले. त्यांना वाटलं, होळी आहे. म्हातारेकोतारे सावली बघून बसले. गिरजा नवी चार पिल्लं घेऊन सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली, म्हणजे पोरांना जाळ नीट दिसेल. लांबूनच तिने ठमीला खूण केली, ये की, जागा धरलीय.

राजाच्या पाठीमागे वारूळ होतं, त्यावर ठमी सरसर चढली. पंजे डोक्याच्या वर नेले, दात विचकले, डोळे बाहेर काढले, अंगावरचा केस न् केस उभा केला. एकदाच.

गिरजाने ते तोंड बघितलं मात्र, तोंडात एक पिल्लू धरलं, बाकीची पुढे ढकलली आणि सुटली. तिच्यामागे सगळा माळ. गवत पेटलं तेव्हा तिथे लेंड्या तेवढ्या उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दरबार. महाराज रागावलेले. भाषण अर्धवट टाकून ससे पळाले म्हणजे काय? गिरजाला पुढे बोलावलं. ती आली, आणि पंजाने, कानाने, नाकाने, सगळ्या चेहऱ्याने म्हणाली, "या हसऱ्या मेल्यापायी माझी पोरं भाजली असती. याला हाकला, आणि माझी ठमी उभी करा."

"काय म्हणते ती?" महाराजांनी विचारलं.

वानराने बिल्ला नीट केला. कोर्समध्ये सशांना सांगायचं शिकवलं होतं. सशांचं ऐकून घ्यायचा धडाच नव्हता.

"आभार मानते, महाराज," तो हसून म्हणाला.

"किती मनापासून," महाराज म्हणाले. "तोंड बघा कसं भरून आलंय."

वानर शाळेचा हेडमास्तर झाला. राजाच्या पाठीमागे तोंड वेडावलं म्हणून ठमीला दरबाराची बंदी झाली. ती आपली गिरजाकडे जेवते आणि खुणांनी शिव्या देते.

पण तेव्हापासून वानर हसताना दिसला, की सगळे ससे पोरं उचलून पळत सुटतात. शाळेच्या अहवालात लिहिलंय, आमच्या खुणा सशांना आता लांबूनसुद्धा कळतात.

तात्पर्य: कुणाची भाषा शिकायची असेल तर कोर्स करावा, त्यांच्या वस्तीत राहू नये. राहिलं की भाषा येते, आणि भाषा आली की नापास व्हायला होतं. आणि पोरांनो, मघापासून दात काढताय ना, तुमचा पहिला नंबर ठरलेला.