न सरणाऱ्या पुडीची हकीकत

श्री. भट्टींतील अग्नीस आणि लोखंडी भांड्यांत कोंडलेल्या वायूस नमन करून हकीकत लिहितों ती ऐसी. शके १८९७, राक्षस नाम संवत्सर, ते समयीं एका राज्यीं रसशाळेचा अधिकार चिंतोपंत वझरकर यांजकडे होता. राज्यांत कंपवाताचे रोगी फार, आणि औषध करावें तों दोन जातींचें उतरे, एक उजवें आणि एक डावें, दोन तळहातांसारखीं. उजव्यानें रोग्याचा हात स्थिर व्हावा आणि डाव्यानें नुसती मळमळ सुटावी. हुजुरांची आज्ञा जाहली कीं, निव्वळ उजवें करून द्यावें. मग पंतांनीं रोडियम नामें धातु आणविला, भांड्यांत हायड्रोजन वायु दाबून भरला, कीं धातूच्या योगें तो कच्च्या मालास जोडून औषध व्हावें, परंतु धातूस उजवें डावें कळेना. तेव्हां सगुणाबाई फणसळकर पुढें झाल्या. बाई त्याच रसशाळेंत होत्या, हाताच्या मोठ्या कुशल आणि बोलणें मोजकें. त्यांनीं एक पांढरी पूड सिद्ध केली, ती धातूस बिलगून बसे आणि हायड्रोजनास एकाच बाजूनें वाट देई, आणि औषध उजवेंच उतरूं लागलें. पुडीस खोड एकच, उघडा वारा लागला कीं नासे. म्हणोन बाटली नायट्रोजन वायूखालींच उघडावी हा पंतांचा पहिला नेम, आणि तो मोडणारास रसशाळेंत थारा नव्हता.

ऐसें काम चालतां पंतांचा जीव बाईंवर जडला. बाईंचाही जडला असावा, परंतु भांड्याचा दाब किती चढला याखेरीज दोघांत बोलणें नाहीं. इतक्यांत दूरच्या राज्यीं बाईंस स्वतंत्र रसशाळा मिळाली. निघते दिवशीं त्यांनीं पुडीची भरली बाटली पंतांचे हातीं दिली आणि म्हणाल्या, "पंत, ही करणें इथें दुसऱ्या कोणास साधायचें नाहीं. सरली म्हणजे निरोप करावा. मी स्वतः घेऊन येईन."

पंत म्हणाले, "बरें." एवढेंच म्हणाले, आणि पुढें त्या एका शब्दाबद्दल स्वतःस बोल लावीत राहिले.

मग पंत पूड सरावयाची वाट पाहूं लागले. आतां त्या पुडीचा आणि धातूचा धर्म ऐसा कीं, दुसऱ्यांचें जुळवून द्यावें आणि आपण होतों तैसें मोकळें व्हावें, म्हणोन चिमूट पुष्कळ पुरे. त्यांत पंत पडले कसबी, ओतूं म्हटलें तरी हात सैल सुटेना. आरंभीं शेरभर औषधास चिमूट लागे, ती पुढें मणास पुरूं लागली, आणि मग खंडीस. दरेक सुधारणेस दरबार भरे, शालजोडी मिळे, हुजूर म्हणत, "पंत, शाबास, बाटली अजून तैसीच." आणि पंत मान लववून घरीं येत आणि ताटावर बसून नुसते भाताकडे पाहत. नांव वाढे तों तों भेट लांबे. कामाशिवाय भेटीस जावें ऐसा पंतांचा स्वभाव नव्हता, आणि आठवण तर रोज येई. कपाट उघडावें, बाटली उजेडाकडे धरावी, पूड कोठवर उतरली तें पाहावें आणि पुन्हां ठेवावी, ऐसें करितां केंस पिकले.

शेवटीं एके सकाळीं पंतांनीं बाटली खिडकींत ठेविली, स्वहस्तें बूच काढिलें आणि शेजारीं खुर्ची घेऊन बसले. पूड पुरती नासली तेव्हां निरोप केला कीं, सरली.

बाई आल्या. हातीं काठी आली होती, नजर मात्र तीच. बाटली पाहिली, चिमूटभर पूड पारखिली आणि म्हणाल्या, "पंत, ही सरली नाहीं. हिला वारा लागला."

"होय. मीच लाविला."

"आपण? नेम आपलाच ना?"

"सरतच नव्हती, बाई. वाट तरी किती पाहावी माणसानें."

बाईंनीं नासकी बाटली बाजूस सारिली. मग पिशवींतून एक बाटली काढून मेजावर ठेविली. बाटली करंगळीएवढी, आणि तळाशीं पूड असून नसल्यासारखी.

पंत म्हणाले, "एवढीच?"

बाई म्हणाल्या, "या खेपेस थोडकीच केली आहे."

एकूण वर्तमान हें. राज्यांत उजवें औषध आजही चालतें. ती पूड लौकरच सरली, निरोप गेला, बाई पुन्हां आल्या. पंत अलीकडे हात सैल सोडून पूड घालितात ऐसी कारकुनांची तक्रार आहे, ती हुजुरांनीं मनावर घेतली नाहीं.