जेवणाच्या टेबलावरचा डोंगर

यंदा देखाव्याचा डोंगर कागदाचा करायचा नाही, असं एवेलियोनं ठरवलं. बस्स, बिचाऱ्यानं एवढंच ठरवलं.

दर डिसेंबरला तीच कटकट. येशूजन्माचा देखावा मांडायचा म्हणून रिकामी खोकी रचा, वर हिरवा कागद चुरगाळा, शेवाळ पसरा, आणि पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी टेकलं की मेंढपाळांसकट सगळा डोंगर गुडघ्यावर येणार. एवेलियो फ्रिजच्या कारखान्यात होता. फ्रिजच्या दोन भिंतींमध्ये पॉलियुरेथेनचा फोम भरता भरता त्याची अर्धी हयात गेली होती. पाळी संपवून घरी आला की खुर्चीतून उठायचंसुद्धा त्याच्या जिवावर येई. त्या कंटाळ्यातूनच ही शक्कल सुचली. दोन पातळ द्रव एकत्र ढवळले की फसफसून दगडासारखे घट्ट होतात आणि वजनाला पावाइतके हलके. एकदा डोंगर ओतला की मरेपर्यंत सुट्टी! साहेबांना विचारून त्यानं उरलेले दोन डबे घरी आणले.

बायको नोएल्बा बाजारात गेली होती. त्यानं कपाटातली सगळी खोकी जेवणाच्या टेबलावर रचली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून सासूबाई इस्मेनिया वर आल्या.

"आता काय ओतणार आहेस, जावईबापू?"

"डोंगर, आई."

"हं," सासूबाई म्हणाल्या. मागच्या वेळी त्यानं त्यांच्या खुर्चीच्या गादीत फोम भरला होता, तेव्हापासून त्या खुर्चीवर मांजरसुद्धा बसत नसे. तो दुसऱ्या खोलीत हातमोजे शोधत होता तोवर त्या खोक्यांजवळ उगाच रेंगाळल्या, मग शाल छातीशी घट्ट धरून खाली निघून गेल्या.

वास कोंडू नये म्हणून एवेलियोनं खिडक्या उघडल्या. (इथवर सगळं नियमाप्रमाणे.) डोंगरउतारावर वसलेल्या मानिसालेस शहराचं गार धुकं सरळ घरात शिरलं. त्यानं द्रव ढवळले, खोक्यांवर ओतले, वाट पाहिली. ढिम्म. थंडीत हे द्रव सुस्तावतात, हे तो कारखान्यात नव्या माणसांना रोज ओरडून सांगायचा. घरी मात्र त्याला वाटलं, माल जुना झाला, मेला. म्हणून त्यानं उरलेलं सगळं वर ओतलं.

आणि मग पहिला घाणा जागा झाला. त्याच्या उष्णतेनं दुसराही उठला. कारखान्यात साचा चारी बाजूंनी आवळलेला असतो. इथं टेबल होतं, आणि टेबलाला भिंती नसतात! डोंगरानं साखरेचं भांडं गिळलं, देखाव्यातला एक उंट गिळला, पडद्याचं टोक पकडलं आणि दोन खुर्च्या टेबलाला कायमच्या जोडून टाकल्या.

"अगं बाई! हे काय?" नोएल्बाच्या हातातली पिशवी खाली पडली.

"डोंगर."

"आणि माझं टेबल?"

"आत आहे."

"आणि बिस्किटांचं खोकं?"

"तेही आतच. तळाशी पाया म्हणून घातलंय. मजबूत होतं."

नोएल्बा मटकन खाली बसली. "अरे मेल्या, त्यात मी बाळ येशू लपवला होता!"

बाळ चोवीस तारखेच्या मध्यरात्रीच गव्हाणीत ठेवायचा, तोवर लपवायचा, हा घराघरातला नेम. आणि हा बाळ चिनी मातीचा, सासूबाईंच्या आजीनं खेचरावरून डोंगर ओलांडून आणलेला. तो फुटला तर सासूबाई आरडाओरडा करणार नाहीत, नुसत्या या घरचा नाताळ सोडतील. आणि मग नोएल्बा आपल्याला जन्मभर माफ करणार नाही, हे एवेलियोला पक्कं ठाऊक होतं.

"विरघळव ते!"

"घट्ट झाल्यावर कशानंही विरघळत नाही गं. कापावंच लागतं."

"मग काप!"

"आणि करवत बाळाच्या मानेवरून गेली तर?"

नोएल्बानं छातीवर क्रूसाची खूण केली.

दुसऱ्या दिवसापासून नाताळाआधीच्या नऊ संध्याकाळच्या प्रार्थना सुरू झाल्या. गल्लीतली माणसं जमायची, डोंगरासमोर गायची. बाळ दिसत नाही म्हणून कुणालाच काही वाटलं नाही, कारण तो दिसायचाच नसतो. लोक येण्याआधी एवेलियो पावाच्या सुरीनं पापुद्र्यासारखे तुकडे काढायचा, खांदे भरून यायचे, आणि डोंगर रोज लहान होत जायचा.

"काय रे, काल हा उंच होता ना?" शेजारच्या तुलिओनं विचारलं.

"दरड कोसळली," एवेलियो म्हणाला.

मानिसालेसच्या माणसाला यात नवल ते काय? तुलिओनं मान डोलावली आणि तळलेला चीजचा गोळा तोंडात टाकला.

प्रार्थनेत मात्र एवेलियोचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. डोळे गच्च मिटलेले, पापण्या ओल्या. सासूबाई समोर बसून जपमाळ ओढत त्याच्याकडे टक लावून पाहायच्या. त्यांना संशय आलाय, या भीतीनं तो आणखी मोठ्यानं गायचा.

चोवीसच्या दुपारी सुरी पुठ्ठ्याला लागली. त्यानं श्वास रोखून खोकं फाडलं. आत कापूस होता, स्वच्छ, कोरडा. बाळ नव्हता. एवेलियो सरळ जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"सापडलं का काही?" दारात सासूबाई. त्यांनी शालीतून पुरचुंडी काढली, सोडली. बाळ येशू गालात हसत होता.

"तुम्ही... केव्हा?"

"तू हातमोजे शोधायला गेलास तेव्हाच उचलला. नोएल्बा तो कुठे लपवते ते ठाऊक आहे मला. एवढी वेडी नाही मी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत, आई?" एवेलियो जवळजवळ किंचाळला.

"अरे, लग्न झाल्यापासून तुला प्रार्थनेत घोरताना बघत आलेय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "यंदा पहिल्यांदाच तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, जावई देवाधर्माला लागलाय, आपण कशाला मध्ये बोला?"

त्यांनी उरलेल्या डोंगराकडे, त्यात अडकलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"आता ते टेबल तेवढं मोकळं कर. रात्री जेवायला बारा माणसं आहेत."

एवेलियोनं डोळे पुसले आणि पुन्हा पावाची सुरी उचलली.