चुडामणचं हत्यार

दसऱ्याच्या पूजेत लिहायच्या टाकाऐवजी धनुष्य मांडायचं, एवढंच चुडामणने ठरवलं होतं. त्यात गल्लीतल्या गाद्या कुठून आल्या हे त्याला अजून नीट सांगता येत नाही, म्हणून ते आपणच सांगितलेलं बरं.

चुडामण नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनात कारकून होता. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की जिन सुरू व्हायचा, आणि उन्हाळ्यात सरकी-रुई वेगळी करून झाली की बंद पडायचा. मधले महिने चुडामण धानोऱ्याला घरी. शेती धाकटा भाऊ बघायचा. (आपण लक्ष घातलं की पीक कमी येतं, असं चुडामणचं मत होतं आणि चार वर्षांचा अनुभव त्याच्या बाजूने होता.) मग हा रिकामा माणूस वडिलांचा सुतारी वाकस काढायचा आणि दिसेल ते लाकूड तासायला घ्यायचा. त्या वाकसाने वडिलांनी गावातली निम्मी औतं दुरुस्त केली होती. वाकस तोच होता, हात तेवढे बदलले होते.

त्याने केलेल्या पाटावर बसलेला पाहुणा बैलगाडीत बसल्यासारखा हलत हलत जेवायचा. दुधाच्या फडताळाला त्याने एक दार बसवलं होतं. ते त्याच्या बायकोला, कौसाबाईला, कधीच उघडता आलं नाही. मांजरीला पहिल्याच दिवशी आलं.

पण वडील गेल्यापासून त्यांचं म्हणून चुडामणजवळ हे एकच उरलं होतं. वाकस हातात धरला की त्याला बरं वाटायचं, आणि त्यापुढे पाट हलतो की नाही याला फारसं महत्त्व नव्हतं.

तर या धनुष्याच्या आदल्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. कौसाबाईचा भाऊ बन्सीलाल विसरवाडीकडच्या एका लाकडाच्या वखारीवर होता. त्याच्याकडे परवान्याची बंदूक होती. दसऱ्याला तो बहिणीकडे आला तो बंदूक खांद्यावर टाकूनच. घरात पूजा मांडली होती. विळे, कोयते, नांगराचा फाळ, आणि त्यांच्या शेजारी चुडामणचा लिहायचा टाक. बन्सीलालने बंदूक मधोमध ठेवली, मागे सरून सगळ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "दाजी, तुम्हनं हत्यार कोठे शे?"

चुडामणने टाकाकडे बोट केलं.

बन्सीलाल हसला याचं चुडामणला काही वाटलं नाही. मेहुण्यांनी हसायचंच असतं. पण कौसाबाई पदराचा बोळा तोंडात धरून आत पळाली आणि आतून बराच वेळ भांडी पडल्यासारखे आवाज येत राहिले. ते मात्र त्याच्या जिव्हारी लागलं, आणि वर्षभर लागून राहिलं.

म्हणून पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या दिवशी त्याने जाहीर केलं, "औंदा मी धनुष्य करसू."

कौसाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. तिने पाटाकडे पाहिलं, मग फडताळाकडे पाहिलं.

"करा," ती म्हणाली. "पन एक बात ध्यानमा ठेवा. बन्सीभाऊना देखत ते काही कामनं निंघनं, तं ठीक. नही निंघनं, तं सासराजीना वाकस मी सुतारले दी टाकसू. मंग या घरमा एक बी लाकूडले हात लावाना नही."

"मंजूर," चुडामण म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याने वाकस कुठे आहे ते एकदा बघून घेतलं.

धनुष्य कसं करतात हे गावात एकाच माणसाला माहीत होतं. ज्वारीची राखण करायला वाहरू दरवर्षी डोंगरातून खाली यायचा. शेतातल्या राखणीच्या माळ्यावर त्याचं स्वतःचं धनुष्य टांगलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी चुडामण वही, टाक आणि दौत घेऊन माळ्याखाली जाऊन बसला. वाहरूने सांगितलं ते त्याने मुद्दे घालून उतरवून घेतलं. बांबू जुना हवा. तो चुलीवरच्या धुरात वाळलेला हवा. चिरून तासायचा तो असा, की दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. दोरी बांबूच्याच सालीची.

"किती दिन वाळाडतस?" चुडामणने विचारलं.

"बठ्ठा उन्हाळा."

चुडामणने वहीत उन्हाळा लिहिला आणि बोटांवर दिवस मोजले. दसऱ्याला आठ दिवस होते.

वाहरूने माळ्यावर टांगलेलं धनुष्य काढून खाली धरलं. मग म्हणाला, "दादा, मन्हंच लई जा ना. पूजा व्हयनी का परत दी द्या."

इथे ही गोष्ट संपली असती. पण चुडामणला स्वतःच्या हातचं हवं होतं.

वाळलेला बांबू मात्र घरातच निघाला. चुलीच्या खोलीत आढ्याला दोन दोर टांगून एक बांबू आडवा लावलेला होता, गोधड्या टाकायला. चौदा वर्षं धूर खाऊन तो तांबडालाल झाला होता. कौसाबाई नदीवर गेलेली बघून चुडामणने तो काढला. गोधड्या कोपऱ्यात नीट घडी करून ठेवल्या, म्हणजे त्याच्या मते नीट. ती परत आली तेव्हा त्या ढिगावर मांजर झोपली होती आणि अंगणात बांबूचे चार तुकडे झाले होते. त्या दिवशी कौसाबाई सुताराच्या घरी एकदा जाऊन आली.

मग तासणं सुरू झालं. चुडामणने बांबूची कामटी वाकवून बघितली, तर डावीकडून वाकत होती, उजवीकडून नाही. म्हणून त्याने उजवीकडून तासली. मग उजवीकडून वाकली, डावीकडून नाही. डावीकडून तासली. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी दोन्ही बाजू अगदी सारख्या वाकायला लागल्या, आणि चुडामण आनंदाने उठून उभा राहिला, तेव्हा ती कामटी वाऱ्यानेही वाकत होती. दुसरी कामटी त्याने भीतभीत तासली, ती दोघांनी ओढूनही वाकेना. शेवटी त्याने पहिली आणि दुसरी एकावर एक ठेवली आणि सुतळीने गच्च बांधली. (वाहरूच्या मुद्द्यांत हे नव्हतं. हा कारकुनी तोडगा होता. जिनात दोन वह्यांचा हिशेब जमला नाही की चुडामण त्या एकत्र बांधायचा.)

दोरीचं आणखी वेगळंच. बांबूची साल चार वेळा तुटली. दसऱ्याला दोन दिवस राहिले, तेव्हा त्याला नासिर आठवला. नासिर नंदुरबारचा पिंजारी. कापूस पिंजायच्या त्याच्या मोठ्या धनुकलीला आतड्याची तात असायची, आणि तिच्यावर तो बैलाच्या ताकदीने दिवसभर ठोकत असायचा. तुटलेली कुणी पाहिली नव्हती. चुडामण नंदुरबारला गेला आणि नासिरकडे एक जुनी तात मागितली.

"कसाले?" नासिरने विचारलं.

"घरनं काम शे," चुडामण म्हणाला. धनुष्य म्हणायची लाज वाटली.

नासिरला ते पुरलं. दुकानावर येणाऱ्या ज्याच्या त्याच्या घरी काम असतंच. तात देताना त्याने धंद्याचं एक शहाणपण बरोबर दिलं. "बांधशात तं असी बांधा, का बोट लावं का ती बोलाले जोयजे. जवलोंग बोलस नही, तवलोंग ताना."

चुडामणने ते वहीत लिहून घेतलं, आणि घरी येऊन तंतोतंत पाळलं. बाण किती लांब जातो हे बघायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. तो बोट लावायचा, कान द्यायचा, आणि आणखी ताणायचा. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तात बोलली. असं गोड बोलली, की गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली. चुडामणचे डोळे भरून आले. वडिलांच्या वाकसाने पहिल्यांदाच त्याचं ऐकलं होतं.

तीन बाण त्याने बोरूचे केले. बोरूची त्याला आयुष्यभराची सवय, त्यामुळे टोकं सुरेख झाली. इतकी सवय, की तिन्ही टोकांना त्याने नकळत लेखणीसारखी मधोमध चीरही पाडून ठेवली. मागे लावायला पिसं हवी होती, तर वहीत खुणेला ठेवलेली मोरपिसं लावली, अख्खी.

दसरा उजाडला. बन्सीलाल बंदूक घेऊन आला. पूजा मांडली होती, आणि मधोमध झेंडूची माळ घातलेलं, चार हात लांबीचं, सुतळीने गुंडाळलेलं धनुष्य होतं. बन्सीलालने वाकून सुतळीच्या गाठी बघितल्या. मग बंदूक कडेला ठेवली. चुडामणला वाटलं, जिंकलं.

पण पूजा झाली, आरती झाली, आणि बन्सीलाल म्हणाला, "दाजी, चाला. एक बान मारी दखाडा."

अंगणात भिंतीवर नेमासाठी डांगर, म्हणजे लाल भोपळा, ठेवलं गेलं. धाकटा भाऊ आला, त्याची बायको आली. कौसाबाई दाराला टेकून उभी राहिली. तिच्या हातात वाकस होता. सुताराकडे न्यायला तिने तो धुऊन पुसून घेतला होता, आणि पुसताना तिचं तोंड उतरलं होतं हे चुडामणने बघितलं नाही, कारण तो वाकसाकडे बघत होता.

बाण लावायच्या आधी थोडा रुबाब दाखवावा म्हणून त्याने तात ओढून सोडली. ढंय्य. अंगण भरून आवाज निघाला. बन्सीलाल चक्क दचकला. चुडामणला एवढं बरं वाटलं, की त्याने आणखी दोनदा वाजवली. ढंय्य, ढंय्य.

आता पाऊस संपलेला, थंडी तोंडावर. या दिवसांत प्रत्येक घरात गेल्या हिवाळ्यात दबून पोळी झालेल्या गाद्या वाट बघत असतात, आणि गाद्या पिंजायला धानोऱ्यात येणारा नासिर गल्लीत शिरताना आरोळी देत नाही. तो तात वाजवतो.

पहिली आली शेजारची फुलवंताबाई, डोक्यावर गादीची वळकटी घेऊन. "पिंजारी उना का वं कौसा?" तिच्या मागून दगूबाई दोन उशा आणि एक रजई घेऊन. त्यांच्या मागून आणखी तीन-चार जणी. कुणीतरी गल्लीच्या टोकाला निरोपही धाडला होता.

"पिंजारी नही," चुडामण म्हणाला. "हाई हत्यार शे. बाजू सरका, बान येस."

फुलवंताबाई सरकली नाही. पिंजारी कुठे लपवलाय ते ती बघत होती. चुडामणने बाण लावला, डांगरावर नेम धरला, दात-ओठ खाऊन ओढलं आणि सोडलं. मोरपिसं घेतलेला बाण आधी वर गेला, वर गेल्यावर त्याने काहीतरी विचार केला, गर्रकन वळला आणि बरोबर काटकोनात येऊन फुलवंताबाईच्या डोक्यावरच्या गादीत शिरला. चिरलेलं टोक आत जाऊन फाकलं. तिने तो उपसून काढला तेव्हा त्याच्याबरोबर हातभर कापड फाटलं आणि कापसाचा गोळा चुडामणच्या पायाशी पडला.

सगळ्यांनी त्या गोळ्याकडे पाहिलं. मग बन्सीलाल भिंतीला धरून खाली बसला. त्याला हसण्यामुळे उभं राहता येत नव्हतं.

"आते हाई भरी कोन दी?" फुलवंताबाईने विचारलं. तिला हसू येत नव्हतं. "माले नवी गादी पिंजेल जोयजे. आजच."

चुडामणने वाकसाकडे पाहिलं. गेला, असं त्याला वाटलं, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

कौसाबाईने ते तोंड पाहिलं. तिने वाकस दाराआड ठेवला, आतून लाटणं आणलं आणि नवऱ्याच्या हातून धनुष्य घेतलं. तात कापसाच्या गोळ्यावर आडवी धरली आणि लाटण्याने ठोकली. ढंय्य. गोळा फुलला. पुन्हा ठोकली. कापूस शेवरीसारखा उडायला लागला आणि बन्सीलालच्या मिशीवर जाऊन बसला.

"दख, बन्सीभाऊ," ती म्हणाली. "चाली ऱ्हायनं ना? तुन्ही बंदूकघाई एक उशी तरी पिंजावाई का?"

बन्सीलाल मिशीतला कापूस काढत बसला. वाकस घरात राहिला. चुडामणने तो संध्याकाळी स्वतः खुंटीला टांगला आणि जरा वेळ तिथेच उभा राहिला. कौसाबाईने त्याच्या खांद्यावरचा कापूस झटकला.

त्यानंतरचे चार दिवस तो अंगणात बसून गाद्या पिंजत होता. पाचव्या दिवशी खरा नासिर आला. त्याने फुलवंताबाईची गादी हाताने चाचपली, तिच्यातल्या गाठी मोजल्या आणि ती पुन्हा उसवायला घेतली. मग धनुष्य उचलून सगळीकडून बघितलं.

"ह्यामा एक चीज एक नंबर शे," तो म्हणाला.

"काय?" चुडामणने आशेने विचारलं.

"तात."

त्याच्या पुढच्या दसऱ्याला पूजा कौसाबाईने स्वतः मांडली. विळे, कोयते, फाळ, मधोमध बन्सीलालची बंदूक. धनुष्य तिने सूप, लाटणं आणि जात्याच्या खुंट्यापाशी ठेवलं होतं, हळदकुंकू लावून. बन्सीलाल मागे सरला, सगळ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "दाजी, औंदा तुम्हनं हत्यार कोठे शे?"

चुडामणने खिशातून टाक काढला आणि बंदुकीशेजारी ठेवला. दारात फुलवंताबाई गादी घेऊन उभी होती.