कुंताबाईंच्या शेजारचा निळा डबा

नवेगाव बांधच्या आठवडी बाजारात कुंताबाईंच्या मासोळीच्या घमेल्याशेजारी सकाळी नऊ वाजता एक निळा डबा येऊन बसला. दहा वाजले तरी गिऱ्हाईक फिरकले नाही, तेव्हा कुंताबाईंच्या कपाळावर पहिली आठी उमटली.

डबा दीप्तीचा होता. दीप्ती गोंदियाची, शिकलेली आणि बोलायला गोड. मासोळी विकणाऱ्या बायांसाठी बर्फाचे डबे पुरवणारा स्टार्टअप काढण्याचे तिने मनावर घेतले होते. मात्र ज्यांच्यासाठी वस्तू करायची त्यांनाच आधी विचारावे, अशी शिकवण तिला मिळालेली होती. फक्त दहा प्रश्न, असे म्हणून तिने परवानगी मागितली, आणि समोर येऊन बसलेल्या लेकीबाळीला उठवणे कुंताबाईंच्या रीतीत बसत नव्हते.

मागच्या आठवड्यात किती मासोळी खराब झाली, हा पहिलाच प्रश्न ऐकून त्यांनी मान वर केली.

"माही मासोळी खराब होत नाही, बाई. संपते."

दीप्तीने ते इमानाने लिहून घेतले आणि नमुना दाखवावा म्हणून डब्याचे झाकण उघडले. आत शुभ्र बर्फ. नेमक्या तेव्हाच समोरून चाललेल्या तीन बायांनी घमेल्याकडे पाहिले, बर्फाकडे पाहिले, आणि त्या दोन जागा सोडून बसलेल्या मासोळीवाल्या दुर्गाकडे वळल्या.

तलावाकाठच्या माणसांचा मासोळीबाबतचा कायदा साधा असतो. घमेल्यातल्या पाण्यात उडी मारते ती आपली. बर्फात निजलेली असते ती ट्रकची. कुठून निघाली आणि कधी मेली, ते ट्रकवाल्यालाच ठाऊक. कुंताबाईंनी बत्तीस वर्षांत बर्फाच्या खड्याला हात लावला नव्हता, आणि त्याच नावावर आज शालिकराम गुरुजींनी पाच किलो मरळ सांगून ठेवली होती. गुरुजींचे व्याही लग्नानंतर प्रथमच संध्याकाळी जेवायला यायचे होते. गुरुजी ज्या घमेल्यापाशी थांबत, तिथे गाव थांबत असे. ते तसेच पुढे गेले, तर गावही पुढे जाणार होते.

समोरची बांगड्यावाली चंदा मुद्दाम उठून आली आणि कानाशी लागली. "कुंताबाई, तुमी ट्रकची मासोळी आनली म्हनून राहिले लोक."

कुंताबाईंनी डबा तत्काळ दृष्टीआड करण्याची आज्ञा केली. दीप्तीने घाबरून तो त्यांच्या पाठीमागे सरकवला आणि वर गोणपाट टाकले. परिणाम विपरीत झाला. उघड्या डब्याबद्दल लोकांना शंका होती. झाकलेल्या डब्याबद्दल खात्री झाली. त्यात बर्फ वितळू लागला आणि गोणपाटाखालून पाण्याची एक सरळ धार निघाली, ती थेट रस्त्यावर आली. त्या धारेच्या टोकाशी, पांढऱ्या धोतराचा सोगा सावरत, गुरुजी उभे होते.

त्यांनी धारेचा माग काढत नजर गोणपाटापर्यंत नेली.

"कुंताबाई, तुमीसुद्धा?"

दुर्गाने आपल्या घमेल्यातले पाणी हाताने उगाच खळखळवले. भोवती माणसे जमली. आपण शपथ घेतली तरी ती कोणी मानणार नाही, हे कुंताबाईंना उमजले. त्यांनी दीप्तीच्या हातातला कागद काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"आता मी विचारतो. तुह्या घरी मासोळी मांगं कधी आनली?"

"रविवारी," दीप्ती म्हणाली.

"जित्ती का बर्फातली?"

दीप्तीची तीन महिन्यांची मेहनत एका उत्तरावर आली होती. पण खोटे उत्तर लिहायचे नाही, हाही तिच्या शिकवणीचाच भाग होता.

"जिवंत. बर्फातली मासोळी आई घरात येऊ देत नाही."

"मंग माह्याजवळ कायले आनली व हे पेटी?"

माणसे हसली. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी वाकून घमेल्यात बोट बुडवले. एका मरळीने अशी उसळी घेतली की त्यांचा चष्मा ओला झाला. त्यांनी तो शांतपणे पुसला आणि पाच किलो तोलायला सांगितले. अर्ध्या तासात कुंताबाईंचे घमेले रिकामे झाले. दीप्तीचे पुढचे आठ प्रश्न त्यांनी प्रसन्न चित्ताने सोडवले, सर्वांचे उत्तर एकच: नको.

दहावा प्रश्न विचारायचा, तोच गुरुजी परत आले. ते मागच्या बोळातून आले आणि फार हळू बोलले. व्याह्यांची गाडी वाटेत बिघडली होती. ते आता उद्या दुपारी येणार होते. मासोळी कापून झाली होती. घरी फ्रीज होता, पण त्यात मासोळी ठेवण्यास त्यांच्या सौभाग्यवतींची सक्त मनाई होती.

कुंताबाईंनी मनात हिशेब केला. उद्या व्याह्यांच्या पानात वास आला, तर गुरुजी गाडीला दोष देणार नव्हते आणि सौभाग्यवती फ्रीजला. नाव कुंताबाईंचे निघणार होते. त्यांनी गोणपाट ओढून काढले.

"ने व पोरी, हा डबा गुरुजींच्या घरी. मांगच्या दारानं जाय. कोनी विचारलं तं पोलिओचा डोस हाये म्हन."

निळा डबा खांद्याला लावून दीप्ती निघाली. वाटेत दोघींनी विचारले आणि दोघींनाही तिने सांगितल्याप्रमाणे उत्तर दिले. बाजार संपेपर्यंत गुरुजींच्या मागच्या दारी कडेवर लेकरे घेतलेल्या अकरा आया रांगेत उभ्या होत्या. आयुष्यभर फळ्यावर सत्य लिहिलेल्या गुरुजींनी दार अंगुळभर उघडले आणि डोस उद्या शाळेत मिळतील, असे सांगून पुन्हा लावून घेतले.

दिवस कलताना दीप्ती मोकळ्या हाताने परत आली. कुंताबाई घमेले पालथे घालून त्यावर बसल्या होत्या. ती समोर उकिडवी बसली आणि तिने कागद उघडला.

"मावशी, दहावा प्रश्न राहिला. या डब्याबद्दल तुम्ही आणखी कोणाला सांगाल का?"

कुंताबाईंनी आधी दुर्गाकडे पाहिले, मग चंदाकडे, आणि आवाज पार खाली आणला.

"कोनाले सांगशील तं पाय. आन् सकाळी बर्फ बदलाले येजो."