चौदा फूट नऊ इंच

माझ्या सासरचा हॉल पाहुणा आला की लांब होतो. नुसत्या चहाचा पाहुणा असेल तर चार इंच, जेवणारा असेल तर नऊ. जेवायला कितीही माणसं आली तरी नऊच. त्याहून जास्त आले तर सावरून बसायचं. पाहुणे चपला घालून जिना उतरायला लागले की पश्चिमेची भिंत परत जागेवर येते.

हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यात लपवण्यासारखंही काही नव्हतं. माझ्या माहेरी, कुरुंदवाडला, न्हाणीघराचं दार उन्हाळाभर लागत नाही. प्रत्येक घराचं काहीतरी असतं. इथली भिंत सरकते ती शेजारच्या ऐनापुरेंच्या बेडरूममध्ये. त्यांनी त्यांचं कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलंय. कपाटामागची जागा कमी झाली की ऐनापुरे काकूंना कळतं, आमच्याकडे कुणीतरी आलंय.

लग्नानंतर काकूंनी मला जिन्यात तीनदा विचारलं, "काय गं, अजून जेवणारे आहेत का तुमच्याकडे?" मी तिन्ही वेळा नाही म्हणाले. त्या "बरं" म्हणाल्या, पण त्यांना ते पटलं नाही.

माझा नवरा सुश्रुत याने टीव्हीचं युनिट करायचं ठरवलं, तेव्हा लग्नाला पन्नास दिवस झाले होते. लग्नात आलेला पंचावन्न इंची टीव्ही खोक्यातच होता. सुश्रुतने कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढलं: या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग युनिट, मधे टीव्ही, दोन्ही बाजूंना स्पीकर, खाली ड्रॉवर, वर आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, बाहुल्यांसाठी काचेचा कप्पा. त्याच्या वूफरला मात्र कुठेच जागा मिळेना. तो दोन रात्री त्या वूफरला इकडून तिकडे हलवत होता.

मापाला रविवारी बाबालाल मिस्त्री आले. काम करणाऱ्या माणसाला हॉल पाहुण्यात धरत नाही, पण त्याला चहा दिला की धरतो. म्हणून माप होईपर्यंत चहा नाही, असं आईंनी त्यांना दारातच सांगितलं.

"ठावं हाय," मिस्त्री म्हणाले. "सोफ्याच्या वक्ताला फसलोय मी."

सुश्रुतने टेपचं एक टोक धरलं, मिस्त्रींनी दुसरं. "चौदा फूट नऊ इंच."

"चौदा," दादा म्हणाले. दादा म्हणजे माझे सासरे. त्यांनी एकतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या. स्वतःचा हॉल कधी मोजला नाही, कारण तसा कुणी अर्ज केला नव्हता. "खरेदीखतात चौदा आहे."

मिस्त्रींनी पुन्हा मोजलं. चौदा नऊ.

"म्हणजे कुणीतरी जेवणारं आहे," आई म्हणाल्या, आणि आम्ही पाचही जण एकमेकांकडे बघायला लागलो.

दादांनी पद्धतशीर घ्यायचं ठरवलं. आधी ते स्वतः गॅलरीत गेले. चौदा नऊ. ते आत आले, आई गेल्या. चौदा नऊ. सुश्रुत टेपचं टोक दादांच्या हातात देऊन जिन्यापर्यंत जाऊन आला. चौदा नऊ. मग मी म्हणाले, "मी जरा दूध बघते," आणि आत गेले.

मागे टेप वाकल्याचा आवाज झाला. पत्र्याचा टेप वाकतो तेव्हा बऱ्यापैकी आवाज होतो.

मी दूध बघितलं. ते फ्रिजमध्ये होतं. परत आले तेव्हा सगळे जमिनीकडे बघत होते आणि मिस्त्रींनी वहीत माप लिहिलं नव्हतं.

"वैनी, लग्नाला किती दिस झालं?"

"त्रेपन्न."

"व्हतंय की. न व्हायला काय झालं?" ते म्हणाले. "पर मला शुक्कीरवारी प्लाय कापायचाय. माप एकच द्या. चौदा म्हनलासा तर चौदा, पावनेपंधरा म्हनलासा तर पावनेपंधरा. एकदा कापलं की मी रबर न्हाई लावत त्याला."

दादांनी विषय मांडला. "चौदाचं केलं तर सूनबाई हॉलमध्ये असताना नऊ इंच फट राहील. पावणेपंधराचं केलं तर सूनबाई हॉलमधून गेल्यावर भिंत युनिटवर येईल. दोन्ही बाजू विचारात घ्याव्या लागतील."

"पावणेपंधराच करू," सुश्रुत म्हणाला. तो बराच वेळ छताकडे बघत होता. "नऊ इंचांत वूफर बसतो."

"आन वैनी आत गेल्या की? पार चेपंल की वो."

"तिने हॉलमध्ये बसायचं. तिला सीरियल आवडतात."

"मला आवडत नाहीत," मी म्हणाले. हे मी आधी सांगायला हवं होतं. "आणि म्हणजे मी पाहुणीच राहायचं का?"

"फक्त हॉलमध्ये," सुश्रुत म्हणाला. "बाकी घरात तू घरचीच."

तो हे मनापासून म्हणाला. तोच तर त्रास होता.

"तिची रजा पुढच्या सोमवारी संपतेय," दादांनी लक्षात आणून दिलं. "ऑफिसच्या वेळात युनिटला संरक्षण राहणार नाही." माप गुरुवारपर्यंत तहकूब झालं. मिस्त्री चहा न घेता गेले.

सोमवारपासून दादा रोज सकाळी नऊ वाजता मला सोफ्यावर बसवून मोजायला लागले. माप कागदावर लिहायचे आणि खाली आई व सुश्रुतच्या पंच म्हणून सह्या घ्यायचे. आईंचं म्हणणं, घरचं माणूस कसं व्हायचं ते इतरांनी त्यांना शिकवू नये. पहिल्या दिवशी त्यांनी मला सोफ्यावर पाय वर घेऊन बसायला सांगितलं. मी बसले. नऊ इंच. दुसऱ्या दिवशी जेवताना शेवटची लसणाची चटणी कुणाला न विचारता वाढून घ्यायला सांगितलं. ती सुश्रुतची आवडती होती. मी घेतली. साडेआठ.

"बघ," आई म्हणाल्या, "सरकतेय."

बुधवारी त्यांनी मला कुणावर तरी चिडायला सांगितलं.

"कशावरून?"

"कशावरूनही. मी नवी होते तेव्हा फडक्यांवरून चिडायचे."

मी ओट्यावरची फडकी बघितली आणि बाहेर येऊन म्हणाले, "आई, फडकी जरा मळली आहेत का?"

"हे चिडणं नाही," दादा टेप हातात घेऊन म्हणाले. "ही चौकशी आहे." भिंत जागची हलली नव्हती.

दुपारी मी शेंगा सोलत होते तेव्हा आई शेजारी येऊन बसल्या. "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," त्या म्हणाल्या. "फरशीवरून कळतं मला. म्हटलं होईल, कशाला बोलायचं. सुश्रुत पुण्याला शिकायला होता ना, तेव्हा दिवाळीला घरी आला की पहिल्या दिवशी चार इंच सरकायची. माझ्या पोटच्या पोराला. मी कुणाला बोलले नाही. दुपारी जेवून लोळला की यायची परत."

"माझी नाही आली तर?"

त्यांनी दोन शेंगा सोलल्या. "तू मनाला लावून घेशील, याचीच भीती वाटते."

मी लावून घेतलेलंच होतं. आता मी हॉलमधून जाताना भिंतीकडे बघत नव्हते. ऑफिसातून फोन आला तर गॅलरीत जाऊन बोलत होते. सगळ्यांसमोर सोफ्यावर बसलं की वाटायचं, आता कुणीतरी विचारेल, निघायचं कधी?

गुरुवारी माप साडेआठच भरलं. दादांनी कागदाची घडी घातली, चष्मा काढला आणि म्हणाले, "सूनबाई, तुमचं म्हणणं नोंदवायचं राहिलं. किती करायचं?"

त्रेपन्न अधिक चार दिवसांत मला कुणी कशाचं माप विचारलं नव्हतं.

"चौदा," मी म्हणाले.

"फट राहिली तर?"

"राहू दे. पट्टी लावायची नाही. आणि अहो, तुमचा वूफर पलंगाखाली जाईल."

सुश्रुतने आईंकडे बघितलं. आई शेंगांचं भांडं घेऊन आत गेल्या.

रविवारी मिस्त्री युनिटचे भाग घेऊन आले. दोन तास हॉलमध्ये ड्रिलचा आवाज आणि भुसा. सगळं जोडून झालं तेव्हा ते म्हणाले, "वैनी, जरा आत जावा. भिंत जाग्यावर आली की स्क्रू मारतो."

"मी इथेच बसते. तुम्ही मारा."

"फट दिसंल."

"दिसू दे."

त्यांनी पूर्वेच्या बाजूने स्क्रू मारले. युनिट छान झालं होतं. अक्रोडी रंगाचं लॅमिनेट, हात न लावता हळू बंद होणारे ड्रॉवर, मधे टीव्ही. पश्चिमेला साडेआठ इंच मोकळी भिंत होती, आणि तिच्यात वूफर अगदी बसला असता. हे सुश्रुत बोलला नाही. मी त्याच्या बाजूने हेही नोंदवते.

मिस्त्री हात धुवायला आत गेले तेवढ्यात बेल वाजली. दार मी उघडलं. ऐनापुरे काकू होत्या.

"झालं वाटतं युनिट? सकाळपासून आमची भिंत हादरतेय. बघून जाते नुसतं."

त्यांचा एक पाय आत आला होता. मागे आई उठल्याचं मला ऐकू आलं. या घरातून दारात आलेलं माणूस परत गेल्याचं उदाहरण नाही. आईंचं "या, या" आता येणारच होतं.

"काकू, आत्ता नको," मी म्हणाले. "सगळा भुसा पडलाय, डिंक ओला आहे, आम्ही कुणी जेवलेलो नाही. तुम्ही उद्या या. निवांत."

काकूंनी माझ्या खांद्यावरून आईंकडे बघितलं. मी मागे वळले नाही. आईंचा आवाज काही आला नाही.

"बरं बाई," काकू म्हणाल्या. पाय त्यांनी मागे घेतला. "तू म्हणतेस तर उद्या."

मी दार लावलं. दाराच्या आवाजामागोमाग दुसरा एक आवाज आला, जड पेटीचं झाकण बसावं तसा.

मिस्त्री ओल्या हातांनीच बाहेर आले. त्यांनी खिशातला सँडपेपर काढून युनिट आणि भिंतीच्या मधे सरकवून बघितला. "कागद जात न्हाई," ते म्हणाले.

दादांनी टेप लावला. मी सोफ्यावर बसलेली होते. चौदा फूट शून्य. त्यांनी ते कागदावर लिहिलं, आईंची सही घेतली, सुश्रुतची घेतली, आणि मग पेन माझ्यापुढे धरलं. मीही सही केली.

"मी जाऊन काकूंना सॉरी म्हणून येऊ का?" सुश्रुतने हळूच विचारलं.

"कुणी कुठे जायचं नाही," आई म्हणाल्या. "येईल ती. उद्या म्हणाली ना." मग त्या मला म्हणाल्या, "फडकी कुठे आहेत बघ, तो भुसा पुसायला हवा. मळली असतील तर नवीन काढ, मला विचारत बसू नकोस."

मिस्त्रींना चहा दिला. त्यांनी पहिला घोट घेतला तशी भिंत चार इंच मागे गेली. त्यांनी कप खाली ठेवून त्या फटीकडे बघितलं आणि पुन्हा उचलला. आपल्या कामात खोट नाही हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तेव्हा काकू माझ्या मागोमाग जिना चढत होत्या. मी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि चहा आणून दिला. त्यांनी ड्रॉवर उघडझाप करून बघितले, बाहुल्या मोजल्या, काचेवरून बोट फिरवलं. शेवटी त्या पश्चिमेच्या टोकाशी थांबल्या.

"सगळं मापाने केलंत," त्या म्हणाल्या, "मग ही एवढी फट कशी राहिली?"

"ती तुमची आहे," मी म्हणाले. "बसा ना."