लहानूभाऊंचं मुसकं

तालुक्याच्या कचेरीत जायचं असलं की आमचे लहानूभाऊ तोंडाला बैलाचं मुसकं बांधतात. मळणीच्या वेळी बैलानं धान खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला दोरीची जाळी अडकवतात ना, तेच. धोतर स्वच्छ, डोक्याला दुपट्टा, पायात ठेवणीतली चप्पल आणि तोंडाला मुसकं. नवा शिपाई दचकून उभाच राहतो. जुने नुसते म्हणतात, "आले."

मी त्यांचा शेजारी, भिंतीला भिंत. लाज मला वाटते. "भाऊ, लोक हसून राह्यले," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "हासू दे. मी काई चोरी केलो का?" एसटी चुकली तरी हेच, चहात माशी पडली तरी हेच.

हे सुरू झालं टाळेबंदीच्या उन्हाळ्यात. नदीकाठच्या त्यांच्या वावरात त्या साली टरबुजं अशी धरली होती की वेल शोधावा लागे. पण बाजार बंद, गाड्या बंद. माझी वांगी तर झाडावरच सडली. तेवढ्यात रस्त्यावर माणसं दिसू लागली. तेलंगणात मिरची तोडायला गेलेले आपल्याकडचे मजूर, सिरोंच्याकडून पायी घराकडे निघालेले. भाऊंनी रस्त्याकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाज टाकली, विळा घेतला आणि येईल त्याला टरबूज कापून दिलं. पैसे काढणाऱ्यावर ओरडायचे. प्रत्येकाला विचारायचे, "कोन्या गावाहून आले? कोन कोन होते तिथी?" मला वाटे, बुढ्याला गप्पांची हौस.

मग ज्यांचा माल सडला त्यांच्यासाठी सरकारनं मदत काढली. पंचनाम्याला साहेब आले. माझी वांगी त्यांनी लांबूनच लिहून घेतली, वासच तसा होता. भाऊंचं वावर मात्र साफ.

"माल कुठे गेला, आजोबा?"

"लोकायनं खाल्ला."

"म्हणजे विकला."

"इकला नाई. वाटला."

"वाटला असं कागदात बसत नाही हो." साहेब भला होता. आवाज खाली आणून म्हणाला, "सडला म्हणा. एखादं तरी सडकं फळ दाखवा, मी लिहितो."

मी मागून कोपर मारलं. पुढच्या धानाच्या रोवणीला भाऊंजवळ बियाणं नव्हतं. ही मदत हुकली तर धानशेतीच्या बांध्या पडीक राहणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"सडला काऊन म्हनू?" भाऊ कडाडले. "लेकरायनं सालीपर्यंत खाल्ला! मी काई चोरी केलो का?"

मदत नाकारली गेली. विचारायला कचेरीत गेले, तर कुणीतरी बाबू बोलून गेला, "माल विकून खाल्ला, आता सरकारचं खायला आला." दुसऱ्या दिवशी भाऊ मुसकं बांधून दारात हजर. "आता नाई खात न तुमचं धान? मंग लिवा, वाटला." त्या साली बांध्या पडीकच राहिल्या. मदत कधीच संपली, साहेब बदलले. भाऊ अजून जातात. पैसा नको म्हणतात, तेवढा एक शब्द लिहून द्या.

पंचनाम्याच्या संध्याकाळी मी त्यांच्याशी भांडायला गेलो होतो, ते मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दारातच आंबूस वास आला. बाजेखाली पोत्यावर एक टरबूज होतं, वावरातलं सगळ्यात मोठं. खालून पाणी सुटलं होतं, माशा घोंगावत होत्या.

"अहो भाऊ! हेच दाखवायचं होतं ना साहेबाला!"

"ते रवीचं हाय."

रवी त्यांचा एकुलता एक पोरगा. बापाशी भांडून मिरची तोडायला गेला, तो पुन्हा गावाकडे फिरकला नव्हता. रस्त्यावरची ती सगळी विचारपूस कशासाठी होती, हे मला तेव्हा उमगलं. तरी मी हळूच म्हणालो, "सडलं आहे भाऊ. फेकून देऊ."

त्यांनी बाजेवरचा दुपट्टा ओढून त्या टरबुजावर नीट पांघरला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं साहेबाकडे पाहिलं होतं.

"सडलं म्हनू नोको. तो येऊन राह्यला."