कडेचा गडी आणि पाच चांदण्या

मुलांनो, तुमच्यापैकी कुणीतरी एकाने आयुष्यात एकही सामना न बघता खेळाडू निवडले आहेत. नाव घेत नाही. ज्याचं त्याला ठाऊक आहे. आता माना खाली घालू नका, ऐका.

एका जंगलात कवठाचा खेळ चालायचा.

खेळ सोपा होता. दोन संघ आणि एक कवठ. ते कवठ समोरच्यांच्या ओढ्यात नेऊन टाकायचं. जाडजूड गडी समोरच्यांना अडवत, त्यांना आडवे म्हणत. हलके गडी पळत जाऊन फेकलेलं कवठ झेलत, त्यांना झेले म्हणत. आणि रांगेच्या अगदी टोकाला एकच गडी असे. त्याने आधी अडवायचं, मग निसटायचं, मग पळायचं, मग झेलायचं. त्याला कडेचा म्हणत. कडेच्याला कामं दोन होती आणि कौतुक अर्धं.

या जंगलातला कडेचा होता टेंभू नावाचं अस्वल. वयाने कोवळा, खांद्याने रुंद.

नदीपलीकडच्या महावन विद्यापीठाला त्या वर्षी एकच कडेचा हवा होता. टेंभूला ती जागा हवी होती. दुसरं काही नकोच होतं.

"निवड झाली तर उत्तम," त्याची आई म्हणाली. "नाही झाली, तर मामाबरोबर वारुळं फोडायला जायचं. मामाला माणूस कमी पडतोय."

"माणूस नाही, अस्वल," टेंभू म्हणाला.

"तेच ते."

मामाच्या नाकात बारा महिने माती असे. टेंभूला मामा आवडायचा. माती नाही.

महावनाची निवड समिती आली. समितीत तिघे होते. आडव्यांचे पारखी गवादादा, झेल्यांचे पारखी वानरकाका आणि अध्यक्ष बगळेराव. बगळेराव सगळ्यांची उंची स्वतःच्या तंगडीने मोजत. चार तंगड्या भरला तर गडी चांगला. निकाल लागला की गड्याच्या पाठीवर चुन्याने चांदण्या काढायच्या. जास्तीत जास्त पाच. एकदा काढलेली चांदणी पुसायची नाही, हा महावनाचा नियम.

कडेच्याचा वेगळा पारखी समितीत नव्हता. त्यामुळे या दोघा पारख्यांनी मिळून बघायचं ठरलं.

गवादादांनी टेंभूला डोक्याने ढकललं. टेंभू दोन पावलं मागे सरकला.

"हलका आहे," गवादादा म्हणाले. "पंधरा दिवस खाऊन ये."

टेंभूने पंधरा दिवस उंबरं खाल्ली. मग वानरकाकांनी त्याला पळवलं.

"जड आहे," वानरकाका म्हणाले. "पंधरा दिवस पळून ये."

टेंभू पंधरा दिवस पळाला. मग पुन्हा गवादादांची पाळी आली.

असे चार पंधरवडे गेले. आई शेवटी म्हणाली, "बाबा रे, तू जाडा होणार आहेस की बारीक, हे एकदा ठरव. म्हणजे मला तसं जेवण करता येईल."

शेवटी मोठ्या सामन्याचा दिवस उजाडला. सगळं जंगल मैदानाभोवती जमलं. समितीही आली, आणि मैदानाकडे पाठ करून बेहड्याच्या झाडाखाली बसली.

मुलांनो, हसू नका. हाही नियमच होता. खेळ बघितला की खेळाडू आवडायला लागतो. खेळाडू आवडला की मत बिघडतं. महावनाला न बिघडलेली मतं हवी होती.

मैदानाच्या कडेला उघड्या जमिनीवर टिटवीने चार अंडी घातली होती. टिटव्या अशाच घालतात. तिने खेळ दुसरीकडे हलवावा म्हणून अर्ज केला होता. अर्ज विचाराधीन होता.

खेळ सुरू झाला. शेवटचा डाव उरला तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. समोरच्या संघातलं एक रानडुक्कर मुसंडी मारून आलं, सरळ कडेने, सरळ अंड्यांच्या दिशेने. टेंभूला अंडी दिसली. डुकराला काहीच दिसत नव्हतं, डुकरांचं तसंच असतं. टेंभूने खांदा लावला. डुक्कर हाललं नाही. टेंभूने पाय रोवले, दात आवळले आणि डुकराला एवढंसं वळवलं. एवढंसंच. डुक्कर अंड्यांना वळसा घालून घाणेरीच्या झुडपात गेलं. तोवर कवठ हवेत होतं. टेंभूने अंड्यांवरून उडी घेतली, एका पंजात कवठ झेललं आणि ओढ्यात नेऊन टाकलं.

जंगल दणाणलं. माकडिणींनी पोरं हवेत उडवली.

"गोंगाट फार आहे," बगळेराव पाठमोरेच म्हणाले. "शिस्त नाही."

टिटवी धावत बेहड्याखाली गेली. "अहो, मागे वळा तरी! पोराने काय केलं बघा!"

"बाई," बगळेराव म्हणाले, "आम्ही निवड समिती आहोत. प्रेक्षक नाही."

अंतिम मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. सकाळी इतकं धुकं पडलं, की स्वतःची शेपटी दिसेना. गडी रांगेत उभे राहिले. कडेच्या जागी टेंभू उभा राहिला. त्याच्याही पलीकडे, मैदानाच्या अगदी टोकाला, एक जुनं वारूळ होतं.

समिती चाचपडत आली. ती टेंभूच्या पुढ्यातून निघून गेली आणि वारुळापाशी थांबली.

बगळेरावांनी तंगडी लावली. "चार तंगड्या आणि वर थोडं. वा!"

गवादादांनी डोकं लावून ढकललं. वारूळ हाललं नाही. त्यांनी पुन्हा ढकललं. "असा पाया मी वीस वर्षांत बघितला नाही," ते कपाळ चोळत म्हणाले.

वानरकाकांनी कवठ फेकलं. ते वारुळाच्या वरच्या भोकात जाऊन बसलं. खाली पडल्याचा आवाज आला नाही.

"झेल पक्का," वानरकाका म्हणाले.

"नाव काय बाळ?" बगळेरावांनी विचारलं.

वारूळ काही बोललं नाही.

"डोक्यात हवा गेलेली नाही," बगळेरावांनी नोंद केली.

टेंभूला राहवलं नाही. "साहेब, ते वारूळ आहे."

"कोण बोललं ते?"

"मी, टेंभू. कडेचा."

"दुसऱ्याला नावं ठेवतो. वृत्ती बरी नाही," बगळेराव म्हणाले आणि वारुळावर चुन्याने पाच चांदण्या काढल्या.

मग ऊन आलं आणि धुकं विरलं.

सगळ्यांनी वारूळ बघितलं. पाच चांदण्या बघितल्या. एक वाळवी भोकातून डोकावली आणि परत आत गेली.

"सर," गवादादा हळूच म्हणाले, "पुसायच्या का?"

"नियम आहे," बगळेराव म्हणाले. "आणि आपण आज काय आहे ते बघत नसतो, गवादादा. पुढे काय होऊ शकेल ते बघतो."

अशी वारुळाची निवड झाली.

अडचण एकच होती. वारूळ चालत नव्हतं. ते न मोडता उपटून नदीपलीकडे नेईल असा कुणीतरी हवा होता. रुंद खांद्यांचा. वारुळांची माहिती असलेल्या घरातला. आणि सामन्यात वारुळाकडे कवठ आलं तर त्याच्या वतीने झेलेल असा.

टेंभूला बोलावणं आलं. पद होतं वारुळाचा सोबती.

टेंभूने वारूळ खांद्यावर घेतलं. नदीपर्यंत जाईतो त्याच्या नाकात माती गेली. आई काठावर निरोप द्यायला आली होती.

"शेवटी वारुळाचंच काम मिळालं ना?" ती म्हणाली. "मग मामाकडे काय वाईट होतं?"

महावनात त्या वर्षी वारुळाने नऊ सामने जिंकून दिले. नोंदवहीत तसंच आहे. अडवणूक उत्तम, झेल उत्तम, पळण्यात किंचित सुधारणेला वाव. टेंभूचं नाव वहीत नाही. सोबत्यांसाठी रकाना नसतो. आता नव्या मुलांना वारुळाचा आदर्श समोर ठेवायला सांगतात. मुलं रांगेत न हलता उभी राहायचा सराव करतात.

तात्पर्य: मुलांनो, खेळण्यात वेळ घालवू नका. धुकं पडलं की योग्य जागी गप्प उभं राहावं, आपोआप मोठं होता येतं.

हे तात्पर्य जंगलाच्या शाळेत वाचून दाखवलं, तेव्हा टिटवी कुंपणाबाहेरून जात होती. ती थांबली आणि म्हणाली, "असेल बाई. पण माझी चारही पिल्लं आज उडतायत, ती काही वारुळाने वाचवलेली नाहीत."